रिकाम्या रापणीतली मासळी

देवबाग

संचिता गो,

उद्या तू तुझ्या पीएचडीसाठी पुण्याला परतशील, म्हणून आज लिहितोय.

रविवारी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना तू सांगत होतीस, की सुरुवातीला विश्व इतक्या वेगाने ताणलं गेलं, की त्या ताणातूनच कण जन्मले. मी दोर सोडून सगळ्यांसमोर ओरडलो, "मगे रिकाम्या रापणीत मासळी पण आपसूक येतली. ऊर्जा खंयसून इली? तुझा गणित चुकला." तुझे बाबासुद्धा हसले.

कॉलेजात मी असंच विचारलं, तेव्हा सर "खाली बस" म्हणाले होते आणि मी रागाने दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. तू मात्र दोन दिवस घराबाहेर पडली नाहीस. आज सकाळी गणिताची अकरा पानं घेऊन थेट माझ्या होडीवर आलीस.

"चंदन, ऊर्जा गुरुत्वाकर्षण देता. माझ्या सिद्धांतात त्याचो नियमच थोडो बदललेलो आसा, म्हणान किती देता ता परत मोजलंय. तू चुकलंस. पण प्रश्न बरो होतो."

चुकूनसुद्धा इतका मान मला आजवर कुणी दिला नव्हता. मी नुसतं "बरां" म्हणालो.

खरं बोलायचं होतं ते हे, की तू मला शाळेपासून आवडतेस. तुलाही मी आवडतो, असं मला वाटतं. पण हे पत्र तुला देणार नाही. तू हेही दोन दिवस बसून प्रामाणिकपणे तपासशील, आणि यातही मी चुकलेलो निघालो, तर ते मला झेपायचं नाही.

तुझ्यापुढे पहिल्यांदाच गप्प बसलेला,
चंदन