मेलेल्या माणसाची साखर

परवा रेशनच्या रांगेत मला दोन तास ताटकळत ठेवलं, आणि वर दुकानदार साऱ्यांपुढे ओरडला, "विश्वनाथ धकाते, साखर!" माणूस जाऊन सात वर्षं झाली. मी पिशवी पुढे केली.

मी बायजाबाई, त्याच विश्वनाथ धकात्यांची बायको, वय अदमासे सत्तर, शिक्षण दुसरी, राहणार इतवारी, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. त्यांचं नाव जन्मात तोंडाने घेतलं नाही, कागदावर घ्यावं लागलं. डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दाबाने लिहीत नाही. मला दाबणारा अजून जन्मायचा आहे.

मिरच्या कांडायचं उखळ आणि दोन मुसळं सून गोपिकेला. भिवापुरी मिरची कांडून मी तिच्या नवऱ्याला मॅट्रिक केलं. तिने कांडलं नाही तरी चालेल, विकायचं नाही. पोस्टाचं पुस्तक नात लतिकेला. पितळी गुंड जाऊ यमुताईने मागून नेला तो आणलाच नाही. तिच्याकडेच राहू द्यावा, पाणी भरताना माझी आठवण येईल.

राहती खोली मुलगा मुकुंदला, पण अटीवर. हे गेले तेव्हा तेरवी झाली की रेशनकार्डावरचं त्यांचं नाव कापायचं ठरलं होतं. मग दुष्काळ पडला, दुकानात ज्वारीच्या जागी लाल मिलो आला. त्याची भाकर गिळवेना, गोड चहा तेवढा घशाखाली उतरे. त्यांच्या वाट्याच्या साखरेपायी नाव राहिलं ते राहिलंच.

आणीबाणीत दुकानावर मालाच्या भावाची पाटी लागली, मला बरं वाटलं. मुकुंद म्हणाला, "लोकायची तोंडं बंद केली, आन् तुले बरं वाटून राहिलं?" त्याचंही खरं वाटलं. मागच्या वर्षी मतदानाला गेले. बाबूने यादीवर बोट फिरवलं, म्हणाला, "विश्वनाथ धकाते, यांचं मत पडलं. बायजाबाई, तुम्ही या." मेलेल्याचं मत कोणी टाकलं हे विचारणार, तर बाकावर तोच रेशनवाला कोण्या पक्षाची यादी घेऊन बसलेला. साखर जाईल म्हणून मी गप शाई लावून घेतली.

घरी मुकुंद चौकात भाषण करून आलेला, देश कोण लुटून राहिलं म्हणून. आल्या आल्या चहा मागितला, दोन चमचे साखरेचा. लतिका म्हणाली, "आजी, आबाची साखर आपन खातो, आबाचं मत ते खातात. मंग चोर कोन वं?"

मी मुकुंदचा चहा गाळला. मागच्या वर्षी निवडून आले म्हणून ज्यांना हार घातले ते आता आपसात भांडतात. त्यांना शिव्या द्यायला जावं तर हातात कप असतो. पंधरा दिवसांनी पुन्हा मतदान आहे. जिवंतपणी मी नाव कापणार नाही, मला बिनसाखरेचा चहा चालत नाही. हे चूक आहे ते कळतं. बरोबर काय ते कळत नाही.

अट अशी: माझ्या तेरवीच्या आत मुकुंदने स्वतः जाऊन आम्हा दोघांची नावं कार्डावरून आणि मतदारयादीतून कापून आणावी. त्याचा कागद साक्षीदारांनी पाहिल्याशिवाय खोली त्याच्या नावावर चढवू नये.

साक्षीदार: गिरिधर पराते (अर्जनवीस), इंदूबाई हेडाऊ (शेजारीण).
नागपूर, १० फेब्रुवारी १९७८
सही: बायजाबाई

सहीखाली आणखी एक. इतकी वर्षं मेलेल्याची साखर कोणी खाल्ली, असं रेशनच्या हापिसात विचारतील. तेव्हा साक्षीदारांनी मध्ये पडू नये, गोपिकेला पुढे करू नये. उत्तर मुकुंदनेच द्यावं, चौकात बोलतो तेवढ्याच आवाजात.