मशीनवरच्या चार ओळी

प्रिय कटर,

तुला हल्ली सगळे कविवर्य म्हणतात. मला ते लिहवत नाही. आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात सात वर्षं तू कागद कापलास, म्हणून आमच्यासाठी तू कटरच. रागावलास तर रागाव. मी तुझ्याहून जास्त रागावलेय.

तुझी ‘समग्र कविता’ बांधायला आपल्याकडेच आली होती, हे प्रकाशकाने तुला सांगितलं का? नसेलच. तुझे छापील कागदांचे फर्मे मी या हातांनी दुमडले, शिवले, पाठीला खळ लावली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी माझ्याभोवती गोळा झाल्या, आपली कविता कुठल्या पानावर आहे ते बघायला. चारशे बारा पानं उलटली. नाही म्हणजे नाही! चंद्रावर अकरा वेळा लिहिलं आहेस, आणि कटिंग मशीनवरच्या चार ओळींना जागा नाही. वर मनोगतात म्हणतोस, रोजच्या जगण्यात कवितेचा काडीचाही उपयोग नसतो आणि त्यातच तिचा मोठेपणा आहे. अरे, हे लिहिताना तुला लाज कशी वाटली नाही? ते पान वाचून माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

त्या ओळी कशा झाल्या, आठवतंय ना? बारकी नवीन लागली होती. सतरा वर्षांची पोर, मशीनपुढे उभी राहिली की घाबरून पुढचं सगळं विसरायची. मालक तिला काढून टाकणार होता. तू खडू उचललास आणि समोरच्या भिंतीवर लिहिलंस:

गठ्ठा ठोका, कडा जोडा,
पाय दाबून पट्टी पाडा,
हात मागे, मान वर,
मगच पातं कागदावर.

दोन दिवसांत बारकीचा हात बसला. तू गेलास, खडू पुसट झाला, तेव्हा आम्ही त्याच ओळी रंगाने लिहून घेतल्या. पुढे त्यांच्याकडे बघायचीही गरज उरली नाही. आपला हिशेबनीस, ज्याने जन्मात मशीनला हात लावला नाही, तोही दाढी करताना त्या गुणगुणतो, असं त्याची बायको सांगते. तुझ्या चंद्राची एक तरी ओळ कुणाच्या दाढीपर्यंत पोचली आहे का, सांग बरं! बावीस वर्षांत त्या मशीनवर एकाचंही बोट कापलं नाही.

गेल्या महिन्यात मालकाने ते मशीन काढून दुसरं आणलं. तेही कुणीतरी वापरून टाकलेलंच. जुन्यावर पायाने नुसती गठ्ठा दाबून धरणारी पट्टी खाली यायची, पात्याचा दांडा वेगळा ओढावा लागायचा. यात दोन्ही एकाच पायावर आहेत. पट्टी टेकते न टेकते तोच पातं खाली येतं. म्हणजे हात आधी मागे घ्यायचे, पाय नंतर. मालकाने हे एकदा सांगितलं आणि फोनवर बोलायला निघून गेला.

बारकी शाळेच्या वह्या कापत होती. दुसरी ओळ म्हटली आणि पाय दाबला. हात मागे घ्यायची ओळ अजून यायची होती, रे. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मालकाशी मी कडाकडा भांडले. दवाखान्याचा सगळा खर्च त्याच्याकडून घेतला, पात्यापुढे जाळी बसवून घेतली, तोवर कुणाला मशीनजवळ फिरकू दिलं नाही. पण जाळी जरा वर उचलली की तिच्याखालून हात आत जातोच, ते मी स्वतः करून पाहिलं. बारकीला कुणाचाच राग नाही. पडल्या पडल्या म्हणते, आक्का, चूक माझीच, माझा पाय सवयीने गेला. ते ऐकून मी बाहेर येऊन रडले, आणि मग तुझा असा संताप आला की काय सांगू.

ती सवय तू लावलीस. तुझ्या ओळींनी बावीस वर्षं बोटं राखली आणि तुझ्याच ओळींनी दोन घेतली. तेव्हा कवितेचा उपयोग नसतो हे निदान मला तरी ऐकवू नकोस. सोमवारपासून त्या मशीनवर मी उभी राहणार आहे. भिंतीवर चुना फासला, पण माझ्या तोंडातून त्या ओळी जात नाहीत. गठ्ठा हातात घेतला की आपोआप सुरू होतात, आणि दुसऱ्या ओळीला पाय उचलला जातो. दुसऱ्या चार लिही. हात आधी, पाय नंतर. आणि यमक असं पक्कं बसव, की या जुन्या ओळी माझ्या तोंडातून निघून जातील. शनिवारपर्यंत पाठव, मला पाठ करायला एक दिवस लागेल.

तुझीच,
खळवाली आक्का