डाव्या हाताची विचारपूस

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी पूजा आटोपून धुपासाठी विस्तव घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सविता चुलीपुढे भाकरी करत होती. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मी आल्याचं तिला कळलं नाही. तवा एका बाजूला कलला. तिने डावा हात घातला आणि उघड्या बोटांनी तवा धरून सरळ केला. फडकं नाही, सांडशी नाही. घाईसुद्धा नाही! गाडग्यावरचं झाकण सरळ करावं तसं केलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

मी विस्तव न घेताच परतलो. पाटावर बसलो, माळ हातात घेतली. एकही मणी पुढे सरकला नाही.

सविता म्हणजे भागवतची, माझ्या धाकट्या भावाची बायको. मी तिचा भाया, म्हणजे थोरला दीर. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्याशी सरळ एक शब्द बोललेलो नाही. मी आलो की ती पदर ओढून बाजूला होते. ताट द्यायचं तर मधे कुणीतरी लागतं. एकदा तांब्या देताना बोटाला बोट लागलं, तर आईने मला पुन्हा आंघोळीला पाठवलं होतं. आई गेली, पण रीत आहे तशीच आहे.

आणि मी आरोग्य सेवक. चटका न लागणारा हात म्हणजे काय, हे दुसऱ्याच्या घरी मला लगेच कळलं असतं.

६ फेब्रुवारी

सुमंगलाकरवी विचारलं. आमच्या घरातली विचारपूस अशीच चालते – मी बायकोला सांगायचं, तिने चुलीपाशी जाऊन विचारायचं, उत्तर माझ्यापर्यंत येईतो त्याचं भलतंच काही व्हायचं.

उत्तर आलं, काही नाही म्हणे. कोपराखाली एक फिक्कट डाग आहे, पण तो साबणाने पडलाय. चटक्याची सवय झालीय.

मग सुमंगलाला देवाच्या वातीचा थोडा कापूस दिला. तिला डोळे मिटायला सांग, डागावर हळूच टेकव आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांग. ही गेली आणि लगेच आली. म्हणाली, सगळं कळतंय तिला. मी विचारलं, तू काय केलंस? तर म्हणे, कापूस टेकवला आणि विचारलं, कळतंय का गं? ती हो म्हणाली. डोळे मिटले होते का? हे मात्र ही विसरली.

असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल! मी चिडलो. ही शांतपणे म्हणाली, "मग तुमीच बघा की. साऱ्या गावाला बघताव."

९ फेब्रुवारी, सोमवार

उपकेंद्रात चंद्रभान आपल्या बायकोला, कमलबाईला, घेऊन आला. ती बसायच्या आतच याचं सुरू – पोट दुखायलंय, जेवलं की दुखतं, गोळी द्या. मी तिला काहीही विचारलं की उत्तर हाच देणार. शेवटी म्हणालो, "चंद्रभान, पोट तिचं दुखायलंय का तुमचं?" बाकावरच्या बायका हसल्या. तोही हसला. म्हणाला, तिला काय सांगता येतंय डॉक्टर, मी हाय ना.

त्याला पाणी आणायला बाहेर पाठवलं. तेव्हा कमलबाई बोलली. पोट नाहीच. हरभऱ्याचं ओझं उचललं की छातीत भरून येतं, डावा खांदा जड होतो. मग हा पोट का म्हणतोय? "त्येला पोटाचीच गोळी ठावं हाय," ती म्हणाली.

बीपी घेतलं, नाडी बघितली, आमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन करून तिला लगेच गाडीने पाठवलं. ज्याचं दुखणं त्याच्याच तोंडून ऐकायचं, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

घरी येताना गाडीवर दुसरं काही सुचलं नाही.

१० फेब्रुवारी

उपकेंद्रातल्या राजेश्री सिस्टरना घरी आणलं. बीपी बघायच्या निमित्ताने. भागवत खाटेवर बसून राहिला, उठेचना. सविताने उजवा हात पुढे केला. सिस्टरने डावा मागितला तर म्हणाली, पिठाचा हाय, आणि आत गेली ती आलीच नाही. रोगी नकार देतो तेव्हा जबरदस्ती करायची नसते. सिस्टर चहा न घेता गेल्या.

११ फेब्रुवारी

भागवतशी शेतातच बोललो. तो हरभरा उपटत होता. मी चाचण्या सांगितल्या, नस सांगितली, औषध फुकट मिळतं आणि बरं होतं हेही सांगितलं. कुष्ठरोग हे नाव घेतलं तसा तो उभा राहिला. आजूबाजूला बघितलं.

"दादा, लोकाच्या घरी रोग हुडकताव ते ठीक हाय. आता आमच्या घरात बी हुडकायलाव का?"

मग हळू आवाजात म्हणाला की पुढच्या बुधवारी सेलूचे पाहुणे प्रियांकाला पसंत करायला येतात. हे नाव त्यांच्या कानी गेलं तर पोरीला कोण करणार? वैशाखात लग्न होऊ द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं.

पुतणी असली तरी पोर माझीही आहे. तिला मी मांडीवर खेळवलंय. मला राग आला नाही, हेच वाईट. त्याचं भय मला समजतं. पण नस वैशाखापर्यंत थांबत नाही. एकदा गेली की बोटं वाकतात आणि मग गोळीने रोग जातो, बोटं सरळ होत नाहीत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. एकादशी

पोथी उघडली. त्याच ओवीवर चार वेळा आलो.

सुमंगलाने भगरीचं ताट आणलं, त्याच्या मागून सविता पाणी घेऊन येत होती. उंबऱ्यातच थांबली. तांब्या धरलेल्या हाताची करंगळी तांब्याला लागलेली नव्हती. बाहेर राहिली होती, आकड्यासारखी. किंचितच. पण मला दिसली.

देवा, ही रीत कुणी केली असेल? सुनेची अब्रू राहावी, दिराने मर्यादा सांभाळावी म्हणूनच केली असेल. वाईट हेतूने कुणी केली नाही. आज तीच तिच्या हाताच्या आड उभी आहे. आणि मी त्या आडोशाला बरा सापडलोय! विचारायला नको, धरायला नको, भावाशी भांडायला नको. सोवळ्याचं सोवळं आणि सुटकेची सुटका.



१४ फेब्रुवारी

काही केलं नाही. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

महादेवाला पाणी घालताना मागितलं काहीच नाही. फक्त सांगितलं – उद्या.

१६ फेब्रुवारी

केलं.

सकाळी सगळे अंगणात होते. मी पाट घेतला, तिच्यासमोर ठेवला, बसलो आणि म्हणालो, "सविता, डावा हात दे." तिचं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. सुमंगलाच्या हातातलं सूप थांबलं. भागवत "दादा" म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. हात दिला.

तिला डोळे मिटायला सांगितलं. कापूस डागावर टेकवला – काही नाही. करंगळीवर – काही नाही. कोपरामागची नस चाचपली. सुतळीसारखी जाड लागली, आणि दाबताच सविता कळवळली. दुखतेय म्हणजे अजून जीव आहे! दुपारी डॉक्टरांनी तपासलं. निदान तेच. गोळ्या आजच सुरू झाल्या. गाडी भागवतनेच काढली. बुधवारी पाहुण्यांना मी स्वतः सांगणार आहे, पोहे यायच्या आधी.

अंगणात हात धरूनच विचारलं होतं, कधीपासून?

पदराआडून तिने मला सरळ उत्तर दिलं.

"पोरीच्या दहावीपासून. तुमी इचारताल म्हणून लय वाट बघितली, दादा."