त्या पत्रावरची सही मी मागे घेतो

मी, रुपचंद झुलाल बैसाणे, वय ७४, धंदा सुतारकाम (आता बंद), राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. वीस वर्षांपूर्वी ते नव्हते, ते खाली येईलच. कोणाचा दाब नाही. माझ्यावर दाब आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. देवपूरचे स्वकष्टार्जित घर, मागच्या शेडसह, मुलगी रत्ना हिला. मुलगा योगेंद्र म्हणतो, "आबा, तिनी घरनी इज्जत गमाडी, तिले घर कशाले?" बेटा, इज्जत मी घालवली. पुढे वाच.

२. रंधे, पटाशा, करवती योगेंद्रला. त्याला रंधा सरळ धरता येत नाही, पण हाताला घट्टे पडले तर थोडी अक्कल येईल. बँकेतली ठेव रत्नाची मुलगी मयुरी हिच्या शिक्षणाला.

३. २००५ साली रत्ना लग्नाआधी गरोदर राहिली, पोटात हीच मयुरी. पोरगा हितेंद्र, चर्चमध्ये पेटी वाजवणारा, चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष अमृत यांचा मुलगा. मी कमिटीचा सेक्रेटरी. आमच्यात रिवाज असा, की पापात सापडलेल्याने रविवारी मंडळीसमोर उभे राहून कबुली द्यायची आणि सहा महिने प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला न घेता शेवटच्या बाकावर बसायचे. ते बाक मीच बनवले होते. रत्ना उभी राहिली. माझी बायको भागाबाई भर चर्चमध्ये ओरडली, "एकलीलेच उभी करतस का? त्या पोऱ्याले का बरं नही?" मी तिला दंडाला धरून खाली बसवले. हितेंद्र पेटी वाजवत होता. त्याच दिवशी त्याने प्रभुभोजनही घेतले.

४. महिन्याभरात त्याला जळगावला नोकरी लागली. तिथल्या मंडळीत जायला आमच्या कमिटीचे पत्र लागते. "वर्तन उत्तम, प्रभुभोजनास पात्र." सगळे माहीत असून खाली सही मी केली, कारण अध्यक्षांशी वाकडे घ्यायची माझ्यात हिंमत नव्हती. ती सही मी मागे घेतो. या कलमाची नक्कल जळगावच्या मंडळीला पाठवावी. हितेंद्र आज तिथे तरुणांना शुद्धतेवर धडे देतो म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा!

५. जारकर्म पापच आहे. मी ते धुऊन काढायला बसलेलो नाही. पण जारकर्म एकटी बाई करते असे शास्त्रात कुठे लिहिले आहे? नियमशास्त्र दोघांनाही धरते. लोकांनी दगडांनी मारायला प्रभूपुढे आणली ती एकटी बाई, आणि प्रभूने दगड खाली टाकायला लावले. आम्ही तेच शास्त्र दर रविवारी वाचले आणि दगड खिशात ठेवून घरी गेलो. रत्नाने पश्चात्ताप केला, तिचे तारण झाले. कमिटीच्या ठरावाची त्याला गरज नव्हती. हितेंद्रने केला तर प्रभू त्यालाही घेईल. मला ते गिळायला जड जाते, पण प्रभू मला विचारून तारण देत नाही.

६. रत्ना नशिराबादला शिवणकाम करते. भागाबाईच्या मातीला आली तेव्हा म्हणाली, "आबा, देवनी माले माफ करं. तुम्ही कव्हय करशात?" मी आलेल्या लोकांना पाणी द्यायला वळलो. माफी मी मागायची होती आणि विचारत ती होती! त्यानंतर ती या घरी आलेली नाही.

७. माझ्या मातीच्या वेळी कलम तीन आणि चार मोठ्याने वाचावे, असे मी इथे लिहिले होते. ते खोडले आहे. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, पश्चात्ताप जिवंतपणीच करावा लागतो. शवपेटीत झोपून कबुली देणे हाही पळपुटेपणाच. म्हणून उद्या रविवारी मी स्वतः मंडळीसमोर उभा राहीन, नावे घेऊन बोलेन, आणि तिथून नशिराबादची गाडी धरेन. रत्नाने दार उघडले नाही तर तो तिचा हक्क आहे. घर तरीही तिचेच.

सही: रुपचंद झुलाल बैसाणे
ठिकाण: देवपूर, धुळे. शनिवार, १४ जून २०२५

रुपचंद यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर केली:
१. नवल वना अहिरे, शेजारी
२. लताबाई नथ्थू मोरे, निवृत्त परिचारिका. उद्या चर्चमध्ये मीही त्यांच्या शेजारी उभी राहणार आहे. त्या रविवारी मी गप्प बसले होते.