तिवरांच्या मागची घरे

मी, सुभद्रा महादेवराव भोयर, वय अडुसष्ट, राहणार नंदनवन, नागपूर, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दुपारी कूलरसमोर माझा डोळा लागतो आणि मी झोपेत बोलते, हे खरे. पण लिहिताना जागी असते. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा मधुकर शंका काढल्याशिवाय राहणार नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मधुकरला. त्यात त्याने सुखाने राहावे.

२. शिलाई मशीन सून प्रेमिला हिला. नणंद वच्छला हिला माझा सुकटीचा डबा द्यावा. जन्मभर तिने त्याला नाक मुरडले आणि मी बाजारात गेले की त्यातलेच खाल्ले.

३. आता मुद्द्याचे. रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या माहेरी, सुरंगवाडीला, खाडीकाठी तिवरांचे, म्हणजे खारफुटीचे, बन आहे. वडिलांनी त्याचा उत्तरेचा भाग मला आणि दक्षिणेचा माझा भाऊ दत्ताराम याला लिहून दिला. यजमान तारखात्यात होते. तिकडे बदलीवर असताना आमचे लग्न झाले आणि मी समुद्रापासून इतकी लांब आले. पण कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की झोपेत माझी खाडी येते. आमच्या गल्लीत पाणी चढते, विजेच्या खांबांना मुळे फुटतात, आणि त्या मुळांतून गाळत गाळत पाणी उंबऱ्याशी येऊन थांबते. यजमान हलवून विचारायचे, "काय वं, झोपेत काहून हसून राहिली?" काय सांगणार! मला तिथेच राहावेसे वाटे. आजही वाटते.

दत्तारामने आपली तिवरे तोडून दगडी बांध घातला आणि आत भात लावला. मी नको म्हटले तर म्हणाला, "तू आता नागपूरची झालीस, मला समुद्र शिकवू नकोस." आईच्या वर्षश्राद्धाला मी गेले असताना वादळ झाले. उधाणाची लाट त्याच्या बांधावरून आत आली आणि मग त्याच बांधाने पाण्याला बाहेर जाऊ दिले नाही. खारे पाणी साचून राहिले. शेत गेले, विहीर गेली, घराची भिंत खचली. माझ्या तिवरांच्या मागे पाणी आलेच नाही असे नाही. आले, पण मुळांत आणि फांद्यांत त्याचा जोर मोडला होता. दमलेल्या पाहुण्यासारखे अंगणात टेकले आणि ओहोटीबरोबर परत गेले. मागच्या पाचही घरांतली माणसे, गुरे सुखरूप राहिली. दत्ताराम त्यानंतर मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. याचे मला फार दुःख आहे.

४. मधुकर म्हणतो, "आई, तो चिखल धरून काय करून राहिली तू? गिऱ्हाईक तयार आहे." ते गिऱ्हाईक झाडे तोडून, भराव घालून गोदाम बांधणार. मग पुढचे वादळ त्या पाच घरांवर थेट येईल. 'विकू नये' अशी अट घालायला सांगितली, तर वकीलसाहेब म्हणाले, "बाई, असली अट कोर्टात टिकत नाही."

म्हणून माझा भाग मी त्या पाच घरांतील बायकांना समाईक देते: रुखमाबाई, पुष्पलता व इतर तिघी, ज्यांची नावे मागे लिहिली आहेत. सगळे बन विकायचे तर पाचहीजणींच्या सह्या लागतील. वकीलसाहेबांनी विचारले, "आणि त्यांचे एकमत झाले तर?"

त्या पाचजणी एकमेकींच्या दारचे पाणी पीत नाहीत. त्यांचे एकमत मी जन्मात एकदाच पाहिले. वादळाच्या दुसऱ्या सकाळी पाचहीजणी न बोलता तिवरांच्या चिखलात उतरल्या आणि मोडक्या फांद्यांना काठ्यांचा आधार बांधू लागल्या.

वाचून पाहिले, माझ्या मनासारखे आहे, म्हणून सही करते.

सुभद्रा महादेवराव भोयर

आमच्यासमोर सही झाली:
१. आनंदराव ढोबळे, शेजारी
२. कांताबाई मेश्राम, शेजारीण

नागपूर, ३ मे १९७८