तक्रार करणे थांबवलेल्या भावाला आणण्यासाठी परवानगी

प्रति,
मा. संचालक,
व्यापार, गुंतवणूक व श्रमिक स्थलांतर संशोधन विभाग,
राष्ट्रीय समाधान मापन कार्यालय, दुसरा मजला.

विषय : तुलना गटातून मोकळे करून धाकट्या भावास परत आणण्यासाठी परदेशी जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज.
२) आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवितो की, मी लिफ्ट दुरुस्तीचे काम करणारा कारागीर असून माझा धाकटा भाऊही त्याच धंद्यातला आहे. परदेशी कंपन्यांनी आपल्याकडे गुंतवणूक करायची आणि आपले कारागीर त्यांनी तिकडे कामाला न्यायचे, असा करार झाला. त्यात कोणाचे किती भले होते हे मोजण्याचे काम आपल्या विभागाकडे आले आणि त्यासाठी आपण चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्याच्या चिठ्ठीवर ‘जाणार’ निघाले, माझ्या चिठ्ठीवर ‘तुलना’. मला वाटले, मला पुढच्या फेरीत पाठवणार. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग आपल्या साहेबांनी समजावले की, गेलेल्याचे किती भले झाले हे कळायला त्याच्यासारखाच एक माणूस न जाता जिथल्या तिथे राहावा लागतो. तो मी. अभ्यास संपेपर्यंत देश सोडणार नाही असे मी लिहून दिले आणि पासपोर्ट आपल्या कपाटात जमा केला. त्यानंतर अभ्यासाला दोनदा मुदतवाढ मिळाली आहे.

आम्ही दोघे भाऊ एका घरात, एका गॅसवर जेवणारे. पण आपल्या नियमाप्रमाणे ज्यांचा स्वयंपाक एक, त्यांचे कुटुंब एक, आणि एकच कुटुंब गेलेही आणि राहिलेही हे तक्त्यात बसेना. म्हणून आपल्या माणसांनी आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध प्लायवूडची फळी ठोकली. अलीकडे मी, माझी बायको व आई; पलीकडे धाकट्याची बायको. फ्रिज पलीकडे गेला. आमचे दूध त्या फ्रिजमध्ये ठेवलेले आपल्या तपासनीस बाईंना सापडले, तेव्हा ‘तुलना कुटुंबास स्थलांतराचा लाभ पोहोचला’ असा शेरा पडला. धाकट्याच्या बायकोने फळीवरून भाजीची वाटी दिली, त्याचाही पडला. आई म्हणाली, “अहो बाई, एका वाटीने देशाचं काय वाकडं होणार आहे?” बाईंनी तेही लिहून घेतले. असो. फळीबद्दल माझी तक्रार नाही. तिची आता सवय झाली आहे, आणि आई काय ते फळीला तोंड लावून बोलून घेते.

माझी अडचण भावाची आहे. त्याला घरात सगळे किरकिऱ्या म्हणतात. जन्मल्यापासून त्याला एक गोष्ट धड वाटलेली नाही. उशी टणक, पंखा हळू, साबण घसरतो, बायको चांगली आहे पण फार लवकर उठते. तिकडे गेल्यावर पहिले वर्षभर फोनवर नुसता पाढा चालायचा : मुकादम खेकसतो, बूट चावतात, खोलीतला एकजण झोपेत गातो. आम्ही फोन स्पीकरवर लावून पोट धरून हसायचो. त्याची किरकिर चालू आहे म्हणजे तो खाऊन पिऊन ठणठणीत आहे, हे आईला डॉक्टरपेक्षा जास्त कळते.

गेल्या काही महिन्यांत ती किरकिर बंद झाली आहे. फोन येतो, पण विचारले की “सगळं छान आहे” म्हणतो. जेवण? छान. मुकादम? छान. आई मुद्दाम म्हणाली, “तुझ्या बायकोनं तुझी ती जुनी खुर्ची टाकून दिली.” एरवी त्याने आकाशपाताळ एक केले असते. तो म्हणाला, “बरं केलं.” आईने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन झोपली.

याच महिन्यांत आपल्या कार्यालयानेही त्याला फोन करून ठरलेले प्रश्न विचारले. त्याने सगळ्यांना ‘छान’ उत्तर दिल्यामुळे त्याचे समाधान भराभर चढले आणि आमची जोडी संपूर्ण अभ्यासात पहिली आली. तसे अभिनंदनाचे पत्र आपण पाठवले. मी भाऊ आणायची परवानगी मागितली, तर उत्तर आले की स्थलांतरित समाधानी असल्याने आणण्याचे कारण दिसत नाही. शिवाय मी हललो तर जोडी मोडेल आणि आजवरची मोजणी वाया जाईल. त्याने स्वतः परत यायचे म्हटले तर कोणी अडवणार नाही, असेही आपण लिहिले आहे. खरे आहे, साहेब. पण तो म्हणतच नाही.

त्याच्या खोलीतला तो झोपेत गाणारा सुट्टीवर आला होता. मी त्याला गाठले. तो म्हणाला, “तुमचा भाऊ आता कुणाशी भांडत नाही. जेवायला शेवटी येतो, उरलं असेल ते खातो. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मी गातो, तरी काही बोलत नाही.”

आमच्या धंद्यात लिफ्ट अडकल्याचा फोन येतो, तेव्हा आम्ही आधी विचारतो, आतला माणूस ओरडतोय का? ओरडत असेल, दार बडवत असेल, शिव्या देत असेल, तर आम्ही हातातला चहा संपवून निघतो. आवाज थांबला असे कळले, तर चपला न घालता धावतो. आपल्या तक्त्यात मात्र आवाज थांबला की समाधान लिहिण्याची पद्धत आहे. मी शिकलेला नाही, आपली पद्धत चुकीची असे म्हणण्याची माझी लायकी नाही. पण तो माझा भाऊ आहे, आणि मला त्याच्यासाठी भीती वाटते. माझा पासपोर्ट या इमारतीत आहे आणि इथली लिफ्ट मीच दुरुस्त करतो. दर खेपेला त्या कपाटावरून जातो आणि हात हलवत घरी येतो.

तरी मायबाप सरकारने मला जाऊ द्यावे. नियमात बसत नसेल, तर निदान इतके करावे. त्याला पुढचा फोन कराल तेव्हा ठरलेले प्रश्न बाजूला ठेवून त्याला विचारावे की, तिथे चहा कसा मिळतो. आजवर जगातल्या एकाही चहाला त्याने बरे म्हटलेले नाही. त्याने चहाला नावे ठेवली, तर हा अर्ज मी त्याच क्षणी मागे घेईन आणि आपण म्हणाल तितकी वर्षे फळीच्या अलीकडे तुलना म्हणून राहीन.

पण तो ‘छान’ म्हणाला, तर कृपया उत्तर लिहून फोन ठेवू नये. त्याला बोलते ठेवावे, काहीही विचारावे, आणि शिपायाला खाली पाठवावे. त्या दिवशी मी तळमजल्यावरच बसून असेन.

आपल्या निरोपाकडे कान लावून बसलेला,
नम्र अर्जदार
(सही)
लिफ्ट कारागीर, तुलना गट

वरील मजकूर मला वाचून दाखवला. खरा आहे. लवकर करा.
(अंगठा) अर्जदाराची आई

दिनांक : फोन कराल तो टाकावा.