पंचावन्न किलो, शून्य ग्रॅम

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ८.१०
सात महिन्यांचं डाएट संपलं. आज दुकानातल्या तपासलेल्या काट्यावर काकांसमोर उभी राहिले. ५५ किलो, शून्य ग्रॅम. काका म्हणाले, वा गं पोरी, अगदी प्रमाण वजन झालीस की! काका सहजासहजी कौतुक करत नाहीत, म्हणून नोंदवून ठेवते. वजनकाट्यांच्या या दुकानातच, पितळी वजनं मांडून, त्यांनी मला शाळेच्या आधी बेरीज शिकवली. त्यांचा नियम एकच. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही.

डाएटच्या बाईंनी पुढचा तक्ता दिला. याला मेंटेनन्स म्हणतात. खाणं एकदम वाढवायचं नाही. पहिल्या आठवड्यात रोज शंभर कॅलरी जास्त, दुसऱ्यात आणखी शंभर, असं. नीट केलं तर वजन जागच्या जागी राहतं. मी नीट करणार आहे. म्हणजे वजन जागच्या जागी राहणार. विषय संपला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
शंभर कॅलरी म्हणजे एक मध्यम केळं. मध्यम म्हणजे किती, ते तक्त्यात नाही. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं, केळ्यासारखं केळं! हे काय उत्तर झालं? सोलून ११२ ग्रॅम असं मी ठरवलं. घरातलं १३१ भरलं. १९ ग्रॅम कापून आईला दिलं. आई म्हणाली, एवढंसं? मी काय पोपट आहे? आणि परत माझ्या बशीत टाकलं. ते आईच्या वाट्याचं, त्यामुळे माझ्या वहीत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
मोठी बातमी. दवाखान्याचे दहा काटे जुळवायला आले आहेत, माणसांचं वजन करायचे. काका म्हणाले, हे दहा तू एकटीने कर. २८ तारखेला वजनमापं खात्याच्या निरीक्षक बाईंनी पास केले, तर यापुढे दुकानाच्या दाखल्यांवर तुझी सही. नाही झाले, तर माझ्या जागेवर जावईबापू बसतील, माझ्याच्याने आता उभं राहवत नाही.
जावईबापू म्हणजे माझे भावोजी. ते वस्तू हातात झेलतात आणि म्हणतात, असेल दोनेक किलो. त्यांच्या हाती दुकान! दुपारचं जेवण विसरले. चार वाजता आठवलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
ज्यांच्यावरून काटे जुळवायचे ती आपली प्रमाण वजनं सोमवारीच सरकारी तपासणीला गेली होती, ती तिथे अडकली. कारकून म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. त्यातच काकांची कंबर धरली, ते घरी पडून. फोनवर म्हणाले, वजनांशिवाय एकाही काट्याला हात लावू नकोस, चौकातल्या दुकानातून मागून आण. गेले होते. ते हो म्हणाले. पण त्यांच्या एका वजनावर रंगाचा थेंब आहे. रंगालाही वजन असतं. मनाला पटेना, तशीच परत आले. येताना बेकरीतून बिस्किटं आणली. सगळी तुटकी निघाली. तुटक्या बिस्किटाचं वजन पुड्यावर दिलेलं नसतं. अंदाजाने लिहिणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहिलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
दुसरा आठवडा. केळं, शिवाय पावाला लोणी. लोणी काटेकोर मोजलं. पाव मऊ होता म्हणून दोन लागले.
दुपारी एकदम सुचलं. प्रमाण वजन म्हणजे काय? जे कमी होत नाही आणि वाढत नाही. अशी एक गोष्ट या दुकानात सध्या आहे. मी!
काट्याच्या पोटाखालचं बटण दाबायचं, वर चढायचं, पडद्यावर आकडा घालायचा. ५५.०. आपण सांगू तो आकडा काटा मान्य करतो. आईसारखा वाद घालत नाही. संध्याकाळपर्यंत दहाही जुळवले. काकांचा फोन आला, वजनं मिळाली का गं? म्हटलं, सोय झाली. यात खोटं एक अक्षर नाही. तीनदा तपासून पाहिलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सहज पहिल्या काट्यावर चढले. ५५.६. काटा सरकलेला! दुसरा, ५५.६. तिसरा, तेच. दहाच्या दहा. एकाच कारखान्याचा माल, त्यामुळे दोषही एकच. पुन्हा जुळवले. कारखान्याला सभ्य भाषेत दोन पानी पत्र लिहिलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी
तिसरा आठवडा. शंभर कॅलरींत काय बसतं याचा अभ्यास केला. अभ्यासासाठी चीज, शेंगदाणे आणि आईस्क्रीम थोडं थोडं चाखावं लागलं. अभ्यासाचं खाणं वेगळं.

गुरुवार, २० फेब्रुवारी
काटे पुन्हा सरकले. आता ५६.१. हवेतला दमटपणा असावा. परत जुळवले, फडक्याने झाकून ठेवले.
पँट आटली. लाँड्रीवाल्याला सुनावलं. तो म्हणाला, ताई, माझ्याकडे कपडे आटले असतील एखादवेळी, पण माणसं फुगवायचं मशीन नाही माझ्याकडे. चूक कबूल करायची सवयच उरली नाही लोकांना.

सोमवार, २४ फेब्रुवारी
डाएटच्या बाईंकडे तपासणी. त्यांच्या काट्यावर ५७.८. मला बाईंची दयाच आली. म्हटलं, तुमचा काटा बिघडलाय. त्या म्हणाल्या, एखादा किलो वर-खाली चालतो गं, घाबरू नकोस, पण खातेस काय ते खरं सांग. वही पुढे ठेवली. वहीत एक खाडाखोड नाही. त्यांनी सगळी वाचली आणि म्हणाल्या, बाळ, एवढ्यावर तर तू वाळून जायला हवी होतीस.
त्यांचा काटा दुकानात आणला, जुळवला, संध्याकाळी पोचता केला. आता अकरा झाले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी १२.३०
डाएटच्या बाईंचा फोन. आनंदाने आवाज चढलेला. या आठवड्यात त्यांच्याकडच्या सगळ्या बायका तीन-तीन किलो उतरल्या! एकीने सगळ्यांना मिठाई वाटली म्हणे. अचूक काट्याने माणसाला केवढा हुरूप येतो. मला काम करायचं बळ आलं.
उद्या तपासणी. दहाही काटे शेवटचे जुळवले, ५५.०. पायातले बूट काढून, केसातली पिन काढून, श्वास रोखून. आई म्हणाली, उद्या परीक्षा आहे, पोटभर जेव. आईचा शब्द मोडवेना. तिने दोनदा वाढलं, म्हणजे दोनदा मोडवेना.
सही कशी करायची याचा सराव केला. आडनाव पूर्ण, खाली रेघ.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळी
निरीक्षक बाई सकाळी दहाला आल्या. काका कंबरेला पट्टा बांधून आले. भावोजी दारात उभे.
पहिल्या काट्यावर बाईंनी वीस-वीस किलोची दोन वजनं ठेवली. ३७.८. दुसऱ्यावर ३७.८. पाचव्यानंतर त्यांनी चष्मा पुसला. दहाव्यानंतर म्हणाल्या, बावीस वर्षं झाली नोकरीला, इतकी टापटीप चूक पाहिली नाही. कुठलं वजन वापरलंत?
काका म्हणाले, हो गं, कुठलं?
म्हटलं, पंचावन्नचं.
बाई म्हणाल्या, पंचावन्नचं प्रमाण वजन नसतंच मुळी. दाखवा बघू.
आता काय दाखवणार? बाईंनी त्यांची वजनं ठेवून एक काटा नीट जुळवला. मी चपला काढल्या आणि चढले.
५८.२.
बाईंनी आधी आकडा पाहिला, मग मला, मग ओळीने दहा काटे. कळलं त्यांना. काकांनाही कळलं. ते कंबर धरून स्टुलावर बसले. कळ आली म्हणाले, पण खांदे हलत होते. भावोजींना समजावून सांगावं लागलं. मग ते दारातून निघून बाहेर रस्त्यावर जाऊन हसले, एवढा त्यांचा मोठेपणा.
सोमवारपासून काकांच्या जागेवर भावोजी. मी त्यांच्या हाताखाली. काका म्हणाले, सहा महिन्यांनी बघू. डाएटच्या बाईंना मी अजून फोन केलेला नाही. त्यांच्याकडच्या बायकांना आणखी एक दिवस सुखात राहू दे.
सही मात्र झाली. काटा नापास झाला की त्याच्या अहवालावर जुळवणाऱ्याचीच सही लागते. आडनाव पूर्ण, खाली रेघ, दहा वेळा. कारणाचा रकाना बाईंनी मलाच भरायला सांगितला. म्हणाल्या, थोडक्यात लिहा, पण खरं लिहा.
दहाही अहवालांवर एकच लिहिलं. वापरलेलं वजन वाढलं.